खोलीत कोण कुठे उभं होतं

मैत्रिणीच्या फाईलच्या पहिल्याच पानावर, नाव आणि रक्तगटाच्या खाली, एक ओळ होती: जी२ पी० ए१. पंख्याच्या वाऱ्याने पान सारखं उलटत होतं, म्हणून तिने ते अंगठ्याने दाबून धरलं होतं, आणि तिच्या नखाला लागून नेमका तो 'ए' होता. "हे काय असतं?" तिने विचारलं. आरोग्याविषयीची पत्रकं इंग्रजीतून मराठीत आणायचं काम मी करते, त्यामुळे ओळखीत कुणाचं इंग्रजी अडलं की कागद माझ्यापुढे सरकतो. मी सांगितलं. जी म्हणजे ग्रॅव्हिडा, आजवर किती वेळा दिवस राहिले. पी म्हणजे पॅरा, किती बाळंतपणं झाली. "आणि ए?" ए म्हणजे अबॉर्टस. अबॉर्शन. तिने अंगठा उचलला, पान उलटलं, तिने ते पुन्हा सरळ केलं. "पण मी केलं नव्हतं गं," ती म्हणाली. "झालं होतं."

मग तिचा नंबर लागला आणि ती आत गेली. तपासणीत सगळं ठीक होतं, बाहेर येऊन ती वेगळ्याच गोष्टींवर बोलत राहिली. तिच्यापुरता विषय तिथे संपला असेल. माझ्या डोक्यात ते 'केलं' आणि 'झालं' घर करून बसलं. तसं पाहिलं तर लिहिणाऱ्याने चुकीचं काहीच लिहिलेलं नव्हतं. वैद्यकीय इंग्रजीत अबॉर्शन म्हणजे गर्भ बाहेर जगू शकेल इतका वाढण्याआधी गर्भारपण संपणं, मग ते कशानेही संपो. आपोआप संपलं तर आधी 'स्पॉन्टेनियस' लावायचं, मुद्दाम संपवलं तर 'इंड्यूस्ड'. पण गर्दीच्या ओपीडीत विशेषणं गळून पडतात आणि अक्षर तेवढं राहतं. तेच पुन्हा पुन्हा घडलेल्या बाईला जुनी पाठ्यपुस्तकं 'हॅबिच्युअल अबॉर्टर' म्हणत. सराईत गुन्हेगाराला इंग्रजीत जे विशेषण लावतात, तेच. १९८५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात काही ब्रिटिश डॉक्टरांनी लिहिलं की ज्या बाईचा गर्भ आपोआप गेला तिच्यासमोर तरी अबॉर्शन म्हणू नका, मिसकॅरेज म्हणा, आणि तिथून ब्रिटनमध्ये हळूहळू बोलणं बदललं. फाईलींमधला ए मात्र जगभर जागच्या जागी आहे.

मिसकॅरेज तरी कुठे निर्दोष आहे म्हणा. इंग्रजीत टपालात टाकलेलं पत्र मिसकॅरी होत असे, जहाजावरचा माल होत असे, कोर्टातला न्याय अजूनही होतो. नेणाऱ्याच्या हातून वाटेत काहीतरी हुकलं, असा त्याचा अर्थ. न्यायाचं मिसकॅरेज झालं तर बोट न्यायाधीशाकडे जातं. इथे नेणारी कोण, हे सांगायला नको. तरी हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो मऊ होऊन आला. 'मिसकॅरेज झालं' असं हलक्या आवाजात सांगता येतं, समोरचा मान हलवतो, विषय पुढे जातो. 'अबॉर्शन' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात 'केलं' हे क्रियापद आपोआप जोडलं जातं. आपला 'गर्भपात' दोन्हीकडे चालतो आणि म्हणूनच बहुधा घरात कुणी तो वापरत नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे.

बाळंतपणाचा कुठलाही इंग्रजी शब्द समोर आला की मी स्वतःला विचारते, हा शब्द पहिल्यांदा तोंडात आला तेव्हा तो माणूस खोलीत नेमका कुठे उभा होता? काही शब्दांत तर हे उघडच लिहिलेलं आहे. मिडवाइफ म्हणजे सुईण, पण त्यातला 'मिड' मधला नव्हे. जुन्या इंग्रजीत मिड म्हणजे सोबत आणि वाइफ म्हणजे कुणीही बाई. सोबत असलेली बाई. ऑब्स्टेट्रिशियन, म्हणजे प्रसूतीचा डॉक्टर, हा शब्द लॅटिनमधून येतो आणि त्याच्या पोटात आहे 'समोर उभं राहणं'. आता, लॅटिनमधली ऑब्स्टेट्रिक्स हीसुद्धा सुईणच होती, ती बाळ झेलायला समोर उभी राहायची. पण इंग्रजीत हे दोन शब्द दोन वेगळ्या लोकांच्या वाट्याला गेले. सतराव्या-अठराव्या शतकात पुरुष या कामात आले तेव्हा त्यांना 'मॅन-मिडवाइफ' म्हणत, म्हणजे सोबतची बाई असलेला पुरुष. याच पुरुषांपैकी चेंबरलेन घराण्याने बाळ ओढून काढायचा चिमटा शंभराहून जास्त वर्षं घरातलं गुपित म्हणून जपला. ते विचित्र नाव या मंडळींना सलत असणारच. मग फ्रेंचमधून अकूशर, म्हणजे बाळंतपण करणारा, आला, आणि एकोणिसाव्या शतकात लॅटिनचा भारदस्त शब्द रुजला. सोबत एक जण, समोर दुसरा. पलंगावरच्या बाईला दोघांचीही गरज लागते, हे मान्य. पण पुढची शब्दसंपत्ती कुणाच्या जागेवरून लिहिली गेली ते हळूहळू दिसायला लागतं.

डिलिव्हरीचंच घ्या. हा शब्द आता इतका आपला आहे की 'तिची डिलिव्हरी कधी?' असं विचारताना आपण इंग्रजी बोलतोय हे जाणवतही नाही. पूर्वीच्या इंग्रजीत डिलिव्हर व्हायची ती बाई. 'शी वॉज डिलिव्हर्ड ऑफ अ सन', म्हणजे ती मुलापासून सुटली. लॅटिन मूळ मुक्त करण्याचं. आपण 'ती मोकळी झाली', 'सुटली बिचारी' म्हणतो तेच अगदी. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात येशूच्या आईबद्दलचं, मेरीबद्दलचं वाक्य असं आहे की तिने डिलिव्हर्ड होण्याचे दिवस पूर्ण झाले. 'दिवस भरले' हे इंग्रजीत इतकं जसंच्या तसं सापडेल असं मला वाटलं नव्हतं. त्या भाषेत संकट बाईवर होतं आणि सुटकाही बाईचीच होती. त्या काळातलं बाळंतपण आठवलं तर हे काही काव्य नव्हे, नुसती वस्तुस्थिती. मग व्याकरण सरकत गेलं. डिलिव्हर होऊ लागलं ते बाळ, डिलिव्हर करू लागले डॉक्टर, आणि बाई आधी षष्ठीत गेली, 'तिची', आणि मग वाक्यातूनच गेली. 'डॉक्टरांनी रात्री तीन डिलिव्हऱ्या केल्या.' हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की रात्रभर तिथे आणखी तिघीजणी राबत होत्या हे लक्षातच येत नाही.

राबत होत्या हे मी मुद्दाम लिहिलं. लेबर. या एका शब्दाबद्दल मला इंग्रजीचं कौतुक आहे. त्यात लाज नाही, गोडवा नाही, हे काम आहे आणि ते अंगमेहनतीचं आहे एवढंच तो सांगतो. लेबरच्या आतली शब्दसृष्टी मात्र पुन्हा दोन जागांवरून बोलते. जुन्या बायका म्हणत 'पेन्स' सुरू झाल्या, जसं आपण कळा सुरू झाल्या म्हणतो. हा शब्द आतून येतो, जिला होतंय तिचा. विसाव्या शतकात त्याला मागे सारून 'कॉन्ट्रॅक्शन' आलं. स्नायू आवळतोय. पोटावर हात ठेवलेल्या किंवा यंत्राच्या कागदावरची रेघ बघणाऱ्या माणसाला जे कळतं, ते. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३०च्या दशकात भीतीमुळे वेदना वाढते असं मांडलं, आणि त्याच्यासारख्यांना वेदनेचा शब्द टळणं हेच हवं होतं. हेतू चांगला असेल. आता तर हिप्नोबर्थिंगवाले, म्हणजे स्वतःला संमोहित करून शांतपणे बाळंत व्हायला शिकवणारे, कॉन्ट्रॅक्शनही नको म्हणतात, 'सर्ज' म्हणा, लाट म्हणा. माझ्या एका बहिणीने हा वर्ग मन लावून केला होता. कळांच्या मध्ये तिने त्या लाटेला जे नाव दिलं ते छापण्यासारखं नाही.

दाराबाहेर उभ्या असलेल्यांचेही शब्द आहेत, आणि ते सगळ्यांत करमणुकीचे. गरोदर न म्हणता 'एक्स्पेक्टिंग', म्हणजे वाट बघणारी. 'इन द फॅमिली वे'. 'इंटरेस्टिंग कंडिशन'. 'कन्फाइनमेंट', म्हणजे कोंडून ठेवणं. कित्येक दशकं डॉक्टर प्रसूतीच्या तारखेला ईडीसी लिहीत, त्यातला सी हाच. १९५२ साली अमेरिकेत ल्युसिल बॉल खरोखर गरोदर होती आणि तिच्या टीव्ही मालिकेतलं पात्रही, पण पडद्यावर कुणी 'प्रेग्नंट' म्हणायचं नाही असं ठरलं. सगळे एक्स्पेक्टिंग म्हणत राहिले, आणि भागाच्या नावात फ्रेंच शब्द घातला. पोट लाखो घरांत दिसत होतं, शब्द तेवढा चालत नव्हता. त्याच काळात अमेरिकेत 'ससा मेला' म्हटलं की बाईला दिवस गेलेत असं समजायचं. गर्भाची चाचणी तेव्हा सशावर व्हायची. बाईची लघवी सशाच्या मादीला टोचायची आणि काही दिवसांनी तिची बीजकोशं तपासायची. वाक्प्रचारातली मेख अशी की बाई गरोदर असो वा नसो, ससा मरायचाच, कारण आत बघण्यासाठी त्याला कापावं लागे. सशाचा विचार कुणी केला नाही.

या सगळ्यांत एक शब्द असा सापडला की जो फक्त पलंगावरच्या बाईच्याच जागेवरून निघालेला आहे. क्विकनिंग. बाळाची पहिली हालचाल आईला कळते तो क्षण. इथे क्विक म्हणजे जलद नव्हे, जिवंत. तो जुना अर्थ आता एखाद्या प्रार्थनेत उरला आहे. सोळाव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान कधीतरी हे होतं, पहिलटकरणीला जरा उशिरा. बायकांना विचारलं तर प्रत्येकीचं वेगळं. कुणी म्हणते बुडबुडे फुटल्यासारखं, कुणी म्हणते पापणी फडफडावी तसं पण पोटात, एकजण म्हणाली, मला वाटलं गॅस झालाय. गमतीचा भाग सोडला तर ही फार मोठी गोष्ट होती, कारण त्या आधी गर्भारपणाची खात्री म्हणून काही नसे. पाळी चुकायला शंभर कारणं असतात. आत कुणीतरी आहे हे जगात एकाच व्यक्तीला कळू शकायचं आणि तिने सांगितल्यावाचून बाकीच्यांना कळायचा मार्ग नव्हता. म्हणून कायदासुद्धा तिच्या शब्दावर थांबायचा. इंग्लंडमध्ये १८०३च्या कायद्याने क्विकनिंगनंतरच्या गर्भपाताला देहदंड ठरवला आणि त्याआधीच्या गर्भपाताला त्याहून कमी शिक्षा; ही रेघ १८३७ साली पुसली गेली. फाशीची शिक्षा झालेली बाई 'माझ्या पोटात मूल आहे' म्हणू शकायची, मग अनुभवी बायकांची पंचमंडळी तिला तपासायची, आणि गर्भ क्विक आहे असं त्यांनी सांगितलं तर फाशी पुढे जायची. ही बायकांची ज्यूरी कागदोपत्री १९३१ पर्यंत होती. ज्या देशात बाईला साध्या ज्यूरीवर बसायला १९१९चा कायदा यावा लागला, तिथे या एका प्रश्नावर शतकानुशतकं बायकांचाच शब्द अखेरचा होता. त्या तपासणीची कल्पना करवत नाही हे खरं. गार हात, कोंदट कोठडी, भोवती डझनभर अनोळखी बायका, आणि पोटातल्या एका फडफडीवर जीव टांगलेला.

मग ग्लासगोमध्ये इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र हाताशी धरून, १९५८ साली पोटातली चित्रं प्रसिद्ध केली. आता पोटावर गार जेल लागतं, मान वळवून पडद्याकडे बघायचं, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात राखाडी ठिपक्यात काहीतरी लुकलुकतं ते डॉक्टर बोटाने दाखवतात. बाईला स्वतःला काही कळायच्या कितीतरी आधी खोलीतल्या सगळ्यांना कळलेलं असतं. मला हे वाईट आहे असं अजिबात म्हणायचं नाही. वार खाली असलेली, जुळी अडकलेली, नळीत गर्भ राहिलेली किती बायका त्या राखाडी ठिपक्यांमुळे वाचल्या. पण क्विकनिंग हा शब्द इंग्रजीतून जवळजवळ गेला. पत्रकांत त्याच्या जागी 'फीटल मूव्हमेंट्स', म्हणजे गर्भाच्या हालचाली, असतं, मोजायला सांगितलेलं.

फीटल मूव्हमेंट्स तरी सरळ आहे. काही शब्दांचं भाषांतर करताना मात्र माझा हात अडतो. पस्तिशीनंतरच्या पहिलटकरणीला 'एल्डरली प्रायमिग्रॅव्हिडा', म्हणजे वयस्क पहिलटकरीण, आणि बोलताना 'जेरियाट्रिक', म्हणजे सरळ म्हातारी. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडलं तर ते 'इन्कॉम्पिटंट', म्हणजे नालायक. आता 'इन्सफिशियन्सी', म्हणजे अपुरेपणा, म्हणतात, तेवढाच दिलासा. प्रसूती पुढे सरकली नाही तर 'फेल्युअर टू प्रोग्रेस'. औषधाने सुरू झाल्या नाहीत तर 'फेल्ड इंडक्शन'. औषध नापास झालं की बाई, हे वाक्य सांगत नाही. आधी सिझर झालेलीने नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर 'ट्रायल ऑफ लेबर', म्हणजे चाचणी, किंवा खटला, तुम्ही ठरवा. एकट्याने वाचताना या शब्दांतून एक प्रगतिपुस्तक तयार होतं आणि ते बाळाच्या आधी हातात पडतं. गर्भारपणाच्या मोजणीतसुद्धा हे आहेच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून दोनशे ऐंशी दिवस, एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा हिशोब. त्यातले पहिले साधारण दोन आठवडे गर्भ राहिलेलाही नसतो. आलेल्या तारखेला 'ड्यू डेट' म्हणायचं, जसं बिलाला म्हणतात. त्या नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. उरलेल्या पंचाण्णव जणींनी काय, थकबाकी ठेवली?

पण इथे माझं मन एका बाजूला राहत नाही. प्रसूतीच्या खोलीत बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला तर कुणीतरी मोठ्याने 'शोल्डर डिस्टोशिया' म्हणावं लागतं, आणि ते ऐकून धावत आलेल्या प्रत्येकाला आपलं काम ठाऊक असावं लागतं. हातात मोजकी मिनिटं असतात. तिथे हळुवार शब्द शोधत बसलेला माणूस मला नको आहे. आणि एखादीला कोरडा शब्दच हवा असतो हेही पाहिलंय. ज्या दिवशी सगळं संपलं असं कळलं त्या दिवशी माझी तीच मैत्रीण 'प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन', म्हणजे गर्भधारणेतून जे तयार झालं ते, या भयंकर शब्दप्रयोगाला धरून बसली होती. 'बाळ' म्हणाली असती डॉक्टर, तर मी तिथेच कोसळले असते, असं ती नंतर म्हणाली. दुसरीला नेमकं उलट वाटलं असतं. पत्रक दोघींना एकच जातं.

उभं राहण्याच्या जागेवरून आठवलं, व्हर्जिनिया अपगार. ती भूलतज्ज्ञ होती, न्यूयॉर्कमध्ये. म्हणजे ती ना समोर उभी असायची ना बाजूला, तिची जागा बाईच्या उशाशी. तिथून तिला दिसायचं की बाळ बाहेर आलं की सगळे आईकडे वळतात आणि निळं पडलेलं, न रडणारं बाळ कोपऱ्यात तसंच राहतं. १९५२ साली तिने पाच गोष्टी ठरवल्या, ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, चिमटल्यावरची प्रतिक्रिया, रंग, प्रत्येकी शून्य ते दोन गुण, जन्मल्यावर एका मिनिटाने बघायचं. पुढे पाच मिनिटांनीही बघू लागले. ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं त्याच्याकडे बघणं सक्तीचं झालं. तिच्या आडनावाची अक्षरं घेऊन विद्यार्थ्यांना पाठ करायला इंग्रजी शब्दांची जुळणी नंतर दहाएक वर्षांनी कुणी केली, आणि आता बऱ्याच जणांना अपगार हे बाईचं नाव आहे हेच माहीत नसतं.

आठवड्यांनी शब्द बदलतो हेही एक. ब्रिटनमध्ये चोविसाव्या आठवड्याआधी गेलं तर मिसकॅरेज, नंतर गेलं तर स्टिलबर्थ. १९९२ पूर्वी ही रेघ अठ्ठावीसवर होती. अमेरिकेत ती विसावर आहे. स्टिलबर्थ असेल तर नोंद होते, नाव देता येतं, कागद मिळतो. तेविसाव्या आठवड्यातल्या बाईला बाळंतपणाच्या सगळ्या कळा येतात, दूधही येतं, पण कागद मिळत नसे. २०२४ पासून इंग्लंडमध्ये चोविसाव्या आठवड्याआधीच्यांनाही मागितलं तर प्रमाणपत्र मिळतं. त्याला कायद्याचं वजन नाही. तरी ते मागितलं जातं.

अलीकडे बायकांनी स्वतःच काही शब्द रुजवले आहेत, म्हणून मी आशेने तिकडे वळले. गेलेल्या बाळानंतर येणारं ते 'रेनबो बेबी'. मला हा शब्द फार गोड होतो. आधीच्याला नुसतं वादळ करून टाकतो. 'फोर्थ ट्रायमेस्टर' त्याहून बरा, बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने हेही गर्भारपणाचाच भाग आहेत असं तो ठणकावून सांगतो. पण मूल व्हावं म्हणून वाट बघणाऱ्या बायका आपसात इंग्रजीत जे लिहितात ते वाचून मी थक्क झाले. टीटीसी, म्हणजे प्रयत्न चालू आहेत. डीपीओ, बीज सुटून किती दिवस झाले. टीडब्ल्यूडब्ल्यू, मधली दोन आठवड्यांची वाट. बीएफएन, बिग फॅट निगेटिव्ह. म्हणजे मोकळीक मिळाल्यावर बायकांनीही फुलं-पाखरं काही आणली नाहीत. फाईलीतल्या जी-पी-एइतकीच तुटक अक्षरं घेतली, परक्याला ओ की ठो कळू नये अशी. फरक एवढाच की ही अक्षरं समोरून लिहिलेली नाहीत, सोबतीलाही कुणी नाही, न्हाणीघराचं दार आतून लावलेलं आहे आणि पट्टीवरची रेघ तिला एकटीलाच दिसते आहे. दुसरी रेघ उमटली तर बीएफपी, बिग फॅट पॉझिटिव्ह. या कोशात नवऱ्याला डीएच म्हणतात, डिअर हजबंड. त्यातला डी दर वेळी डिअरचाच असतो असं नाही, असं जाणकार सांगतात.